शुगर निघाल्यानंतरचा थकवा: कुठला, केव्हाचा आणि त्याचं करायचं काय

रिपोर्ट हातात येतो. डॉक्टर गोळ्या लिहून देतात, आहाराचा छापील कागद देतात, ‘रोज चाला’ म्हणतात. पण माणूस मुळात दवाखान्यात गेलेला असतो तो दुपारी चारला बसल्या जागी डोळे मिटतात म्हणून. ओळखीच्या माणसाचं नाव ओठांवर येऊन अडतं, जिना चढताना पाय ओढावे लागतात. त्याबद्दल बहुतेक वेळा एवढंच ऐकायला मिळतं: ‘शुगर कंट्रोलमध्ये आली की जाईल.’ पुष्कळांचा जातोही. पण सगळ्यांचा जात नाही, जातो तो लगेच जात नाही, आणि काहींचा थकवा शुगरचा नसतोच.

टाइप २ मधुमेहातला थकवा एका प्रकारचा नसतो. सकाळी उठतानाचा वेगळा, जेवल्यानंतरचा वेगळा, जेवायला उशीर झाल्यावरचा वेगळा आणि दिवसभर अंगावर बसून राहणारा वेगळा. कारणं वेगळी, म्हणून उपायही वेगळे. जेवल्यावर शुगर चढून आलेल्या थकव्यावर ग्लुकोजचं पाणी प्यायलात तर आगीत तेल. शुगर उतरल्याने आलेल्या थकव्यावर ‘चला, चालून येऊ’ म्हणालात तर रस्त्यात पडाल. म्हणून आधी थकव्याची वेळ पकडायची आणि मग उपायाला लागायचं.

शरीरात नेमकं काय चाललेलं असतं

रक्तात साखर भरपूर असते, पण इन्सुलिन नीट काम करत नसल्याने ती स्नायूंच्या पेशींत पुरेशी शिरत नाही. कोठार भरलेलं आणि चुलीपर्यंत धान्य पोचत नाही, अशी गत. रक्तातली साखर साधारण १८० च्या वर गेली की मूत्रपिंडं ती लघवीवाटे बाहेर टाकू लागतात आणि साखर आपल्याबरोबर पाणी ओढून नेते. म्हणून रात्री तीन-चारदा उठावं लागतं, तोंड कोरडं पडतं, अंगातलं पाणी कमी होतं. झोपमोड आणि कमी पाणी, एवढ्यावरही माणूस गळून जातो.

डोक्याचंही तसंच. मेंदूचं वजन शरीराच्या जेमतेम दोन टक्के, पण तो एकूण ऊर्जेपैकी सुमारे २० टक्के खातो. साखर फार चढली किंवा फार उतरली की पहिला फरक तिथे पडतो. स्कॉटलंडमधल्या एडिंबरा इथे टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांवर एक प्रयोग झाला, तो २००४ साली प्रसिद्ध झाला. रक्तातली साखर मुद्दाम ३०० च्या जवळपास नेली तेव्हा त्यांचा विचाराचा वेग मंदावला, लक्ष आणि तात्पुरती स्मरणशक्ती घसरली. शिवाय अंगातला उत्साह कमी झाला, उदासी आणि बेचैनी वाढली. त्यामुळे ‘मला हल्ली सुचतच नाही’ म्हणणारा माणूस नाटक करत नसतो. घरच्यांनी एवढं लक्षात ठेवलं तरी अर्धं भांडण मिटतं.

आधी हे: कुठल्या थकव्यात वाट पाहायची नाही

एका बाजूचा हातपाय लुळा पडणं, तोंड वाकडं होणं, बोलताना अचानक जीभ जड होणं: तडक हॉस्पिटल, घड्याळ बघून. छातीत जडपणा, दम लागणं, कारण नसताना दरदरून घाम येणं: तेही तसंच. मधुमेहात हृदयविकाराचा झटका कधीकधी छातीत न दुखता येतो आणि नुसता ‘एकदम गळाल्यासारखं वाटतंय’ एवढाच जाणवतो. शुगर फार चढलेली असताना उलट्या, पोटदुखी, धाप किंवा गुंगी असेल तर ‘सकाळी बघू’ म्हणू नका. आणि डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या जातीची गोळी चालू असेल तर उलट्या, पोटदुखी आणि कमालीचा थकवा यांच्याकडे शुगर मोजायच्या मीटरवर आकडा फार मोठा नसतानाही दुर्लक्ष करायचं नाही. या गोळ्यांवर असताना रक्तात आम्ल साठण्याचा धोका साखर फारशी न वाढताही असतो. म्हणून कडक उपास, ताप-जुलाब किंवा ऑपरेशनच्या आधी ही गोळी केव्हा थांबवायची, हे डॉक्टरांना आजच विचारून ठेवा.

एक गोष्ट आपल्याकडे विशेष लक्षात ठेवण्याजोगी. मधुमेह्यांना क्षयरोग होण्याची शक्यता इतरांपेक्षा दोन-तीन पट असते. दोन आठवड्यांहून जास्त खोकला, संध्याकाळी बारीक ताप, वजन उतरणं आणि थकवा असं एकत्र दिसलं तर थुंकीची तपासणी करून घ्या. सरकारी केंद्रात ती मोफत होते.

पहिली पायरी: दोन आठवड्यांची वही

मोबाइलमधलं ॲप असलं तरी चालेल, पण शाळकरी वही बरी. डॉक्टरांच्या टेबलावर उघडी ठेवता येते. थकवा आला की तेव्हाच चार गोष्टी लिहायच्या: वेळ, काय होतंय, आधी काय आणि किती वाजता खाल्लं, मीटरवरचा आकडा. नोंद अशी दिसावी:

मंगळवार, दुपारी ३.१०. डोकं जड, एकच मेल तीनदा वाचली. दीड वाजता डबा: तीन पोळ्या, बटाट्याची भाजी, भात. मीटर २४६.

शुक्रवार, दुपारी १२.४५. हात थरथरले, घाम, शिपायावर उगाच ओरडलो. सकाळी आठला वाटीभर उपमा, मग काहीच नाही. मीटर ६४.

रविवार, सकाळी ७. आठ तास झोपूनही अंग मोडल्यासारखं. रात्री दोनदा लघवीला. बायको म्हणते, घोरणं फार वाढलंय. मीटर १३२.

तीन नोंदी, तिघांचं कारण वेगळं आणि तिघांना शब्द मात्र एकच, ‘थकवा’. नुसतं ‘डॉक्टर, थकवा येतो’ म्हटलं तर उत्तरही तसंच मोघम मिळणार.

मीटरच्या पट्ट्या महाग पडतात, हे खरं. रोज सात वेळा बोट टोचायची गरज नाही. आज नाश्त्याच्या आधी आणि दोन तासांनी, उद्या दुपारच्या जेवणाच्या आधी आणि दोन तासांनी, परवा रात्रीच्या, अशी जोडी फिरवत न्या. शिवाय थकवा जोराचा असेल तेव्हा एक. टोचण्याआधी हात साबणाने धुऊन पुसा. नुकतंच केळं सोललेल्या बोटावर मीटर खोटा मोठा आकडा दाखवतं आणि सॅनिटायझर लावून ते भागत नाही.

दुसरी पायरी: वेळेवरून कारण

*जेवल्यानंतर एक ते तीन तासांत.* ही सगळ्यात जास्त आढळणारी वेळ. जेवणाआधीचा आकडा १२०-१३० आणि दोन तासांनी २३०-२५० असा उडी मारत असेल तर दोष ताटात शोधायचा. आमच्या शेजारच्या काकूंचा एकादशीचा दिवस असाच जायचा. सकाळी साबुदाण्याची खिचडी, दुपारी वऱ्याचे तांदूळ आणि बटाट्याची भाजी, मध्ये राजगिऱ्याचा लाडू. तीन वाजता गॅलरीत खुर्चीवर मान टाकून बसायच्या. ‘अगं, उपास ना आज, म्हणून गळून गेल्यासारखं झालंय,’ असं म्हणत त्यांनी आणखी एक लाडू तोंडात टाकला, तेव्हा सुनेने बोटाला पट्टी लावली. आकडा २८० च्या वर. साबुदाणा म्हणजे जवळपास निव्वळ पिष्ट. दाण्याच्या कुटाने वेग थोडा कमी होतो, इतकंच. काकू आता एकादशीला मूठभर दाणे, दही, काकडीची कोशिंबीर आणि राजगिऱ्याची एक भाकरी यांवर राहतात. विठ्ठलाची काही तक्रार आलेली नाही.

*जेवणाआधी, किंवा जेवायला उशीर झाला तर.* थरथर, घाम, धडधड, भूक, चिडचिड, डोळ्यांपुढे अंधारी. आकडा ७० च्या खाली असेल तर ती शुगर लो झाली आहे. नुसत्या मेटफॉर्मिनवर असं सहसा होत नाही. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड यांसारख्या गोळ्या किंवा इन्सुलिन असेल तर होतं. आपल्याकडे एकाच गोळीत दोन-तीन औषधं असतात आणि पुष्कळांना आपल्या गोळीत ग्लिमेपिराइड आहे हे माहीतच नसतं. आज पाकीट उलटं करून बारीक अक्षरं वाचा.

लो झाल्यावर तीन-चार चमचे ग्लुकोज पावडर किंवा साखर पाण्यात घालून प्यायची, पंधरा मिनिटांनी पुन्हा मोजायचं, ७० च्या खालीच असेल तर पुन्हा घ्यायचं, मग पोळी-भाजीसारखं काहीतरी खायचं. पण गोळीत व्होग्लिबोज किंवा अकार्बोज असेल तर साध्या साखरेचा उपयोग लवकर होत नाही, कारण ही औषधं साखरेचं आतड्यातलं विघटनच रोखून धरतात. अशांनी ग्लुकोजच घ्यायचं; पुडी खिशात, पर्समध्ये, गाडीच्या डिकीत हवी. माणूस शुद्धीवर नसेल तर तोंडात काही घालू नका, तसाच हॉस्पिटलला न्या. बीपीसाठी बीटा ब्लॉकर चालू असेल तर धडधड, थरथर जाणवत नाही, घाम मात्र येतो. त्या घामावर लक्ष ठेवा.

दोन वेळाच जेवायची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली आहे. अनेकांना तिचा फायदा झाल्याचंही ऐकू येतं. पण वरच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असताना डोस न बदलता ती सुरू करणं म्हणजे लोला आमंत्रण. रमजानचे रोजे, नवरात्राचे नऊ दिवस, श्रावणी सोमवार यांनाही हेच लागू. आधी डॉक्टर, मग संकल्प.

*आकडा चांगला, तरी लो झाल्यासारखं.* यावर फार कमी बोललं जातं आणि नवीन रुग्ण याच ठिकाणी गोळी सोडतात. महिनोन् महिने ३०० वर राहिलेल्या शरीराला तीच सवय झालेली असते. औषधाने साखर १२०-१३० वर आली की शरीर घाबरतं आणि थरथर, घाम, अशक्तपणा दाखवतं. ‘गोळी मला मानवत नाही’ असा निष्कर्ष निघतो तो इथे. आकडा ७० च्या वर असेल तर साखर ढोसू नका. चार दाणे, एखादं फळ किंवा कपभर ताक घ्या, थोडं बसा. काही आठवड्यांत शरीराला नवी पातळी मानवते. त्रास फार असेल तर डॉक्टर साखर जरा हळू उतरवतात. फार दिवस चढलेली साखर झपाट्याने उतरवताना डोळ्यांच्या पडद्याकडेही लक्ष द्यावं लागतं. निदानाच्या वेळी बुबुळाच्या मागचा पडदा तपासून घ्यायला सांगतात त्याला हेही एक कारण आहे.

डोळ्यांचंच आणखी एक. साखर वरखाली होते तेव्हा डोळ्यातलं भिंग फुगतं-ओसरतं, अक्षरं पुसट दिसतात, वाचताना डोकं दुखतं आणि हे सगळं ‘डोकं चालत नाही’च्या खात्यात जमा होतं. शुगर काही आठवडे स्थिर झाल्याशिवाय चष्म्याचा नवा नंबर काढू नका, दोन हजार रुपये वाया जातात.

*सकाळी उठतानाच.* रात्री लघवीला किती वेळा उठलात? झोपताना शुगर किती होती? ती १८० च्या खाली येऊनही उठावं लागत असेल तर पुरुषांनी प्रोस्टेट, बायकांनी लघवीचा संसर्ग तपासून घ्यावा. घोरणं मोठं असेल, झोपेत श्वास अडकतो असं शेजारी झोपणारं माणूस सांगत असेल, सकाळी डोकं दुखत असेल, तर स्लीप ॲप्निया असू शकतो. टाइप २ मधुमेहात, विशेषतः पोट सुटलेल्या आणि मान जाड असलेल्या लोकांत, तो पुष्कळ आढळतो आणि निदान न होता राहतो. रात्रभर मेंदूला धड विश्रांती नसते, मग दिवसा कितीही शुगर सांभाळा, डोळे मिटतातच. घरी यंत्र लावून झोपेची तपासणी आता बऱ्याच शहरांत होते. मला विचाराल तर पोट, घोरणं आणि दिवसाची झोप ही तीन एकत्र असतील तर महागड्या व्हिटॅमिनच्या बाटलीआधी या तपासणीवर पैसे घालावेत.

*दिवसभर, शुगर बरी असूनही.* यासाठी पुढची पायरी.

तिसरी पायरी: रक्ताच्या तपासण्या, मागून घेण्याच्या

हिमोग्लोबिनसह सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी. टीएसएच, म्हणजे थायरॉइड. बी१२. मूत्रपिंडांसाठी क्रिएटिनिन आणि लघवीतला अल्ब्युमिन. लिव्हर. जमल्यास फेरिटिन, म्हणजे लोहाचा साठा, आणि डी जीवनसत्त्व. पुरुषांत थकव्याबरोबर लैंगिक इच्छाही गेली असेल तर टेस्टोस्टेरॉन. ते सकाळच्या रक्तातच तपासतात.

यांतला बी१२ शाकाहारी घरांत हमखास तपासावा. मेटफॉर्मिन वर्षानुवर्षं घेतली की बी१२ चं शोषण कमी होतं, हे सर्वमान्य आहे. पण आपल्याकडे पुष्कळ जणांचा बी१२ गोळी सुरू होण्याआधीच तळाला असतो. थकवा, विसराळूपणा, पायाला मुंग्या, जिभेची आग ही त्याची लक्षणं, आणि मुंग्या आल्या की ‘शुगरमुळे नसा गेल्या’ म्हणून विषय संपवला जातो. बहुतेक लॅब २०० च्या खाली कमतरता धरतात; २०० ते ३०० च्या मधला आकडा लक्षणांसह पाहायचा असतो. सुधारणा व्हायला काही आठवडे ते काही महिने लागतात.

हिमोग्लोबिन कमी असेल तर ‘तीन महिन्यांची शुगर’, म्हणजे एचबीए१सी, हा आकडाही फसवू शकतो. लोहाच्या कमतरतेत तो खरा असतो त्यापेक्षा जास्त दिसू शकतो. उलट सिकलसेलसारख्या रक्ताच्या आनुवंशिक आजारात, जो विदर्भात आणि नंदुरबारकडे अनेक घरांत आहे, त्यावर भरवसा ठेवता येत नाही. मीटर एक सांगतं आणि एचबीए१सी दुसरंच, असं झालं तर हा प्रश्न डॉक्टरांना सरळ विचारा.

औषधांची यादीही तपासून घ्या. मेटफॉर्मिनने जुलाब होत असतील तर जेवणाबरोबर घेणं, कमी डोसपासून चढणं किंवा हळू विरघळणारी गोळी असे मार्ग असतात. कोलेस्टेरॉलच्या गोळीने मांड्या दुखत असतील तर सांगा. भूक कमी करणारी इंजेक्शनं चालू असतील तर आपण दिवसभरात खातोय तरी किती, ते वहीत दिसू द्या. ॲलर्जीच्या आणि सर्दीच्या गोळ्याही झोप आणतात. काहीही स्वतःहून बंद करायचं नाही, हे वेगळं सांगायला नकोच.

जे करू नये

‘अशक्तपणा आलाय, एक सलाईन लावा.’ गावोगाव चालणारं हे वाक्य मधुमेह्याच्या बाबतीत धोक्याचं आहे. पाच टक्के डेक्स्ट्रोजच्या अर्ध्या लिटरच्या बाटलीत २५ ग्रॅम ग्लुकोज असतं. आधीच २८० असलेल्याला ते शिरेतून द्यायचं? सलाईन खरंच लागत असेल तर आधी शुगर मोजायला लावा आणि ‘मला मधुमेह आहे’ हे मोठ्याने सांगा. उन्हातून आल्यावर नारिंगी ग्लुकोजचं पाणी, ताकदीची गोड टॉनिकं, ‘शुगर फ्री’ लिहिलेली पण मैद्याची बिस्किटं, हे सगळं त्याच माळेतलं. गूळ आणि काकवी यांनाही साखरेचाच हिशोब लावा. आणि ओळखीतून मिळालेल्या, बिननावाच्या ‘शुगरच्या पुड्या’: अशा पुड्यांत ॲलोपॅथीच्या शुगरच्या गोळ्या कुटून मिसळल्याचे प्रकार उघडकीला आलेले आहेत. त्यांनी शुगर उतरते, आणि कधी रात्री दोनला लोही होते.

चौथी पायरी: ताट

ताट बदलायचं म्हणजे घरात परदेशी धान्यं आणायची नाहीत. भात-पोळी-बटाटा यांचा वाटा कमी, डाळ-उसळ-अंडी-मासे-पनीर-दही यांचा जास्त आणि अर्धं ताट भाज्या-कोशिंबिरीचं. आपल्या नेहमीच्या ताटात प्रथिनं कमी पडतात. पातळ वरणाची एक पळी म्हणजे डाळ नव्हे. मटकीची उसळ वाटीभरून, झुणका, पिठलं, दोन अंडी, सुरमई-बांगडा, जे चालत असेल ते दोन्ही जेवणांत हवं. मूत्रपिंडाचा त्रास असेल तर प्रथिनांचं प्रमाण डॉक्टरांकडून ठरवून घ्या.

क्रमही बदलून पाहा. आधी कोशिंबीर आणि भाजी-उसळ, मग भाकरी, शेवटी दोन घास भात. पदार्थ तेच, पण जेवणानंतरची उडी बऱ्याच जणांत लहान होते. तुमच्यात होते का, ते दोन पट्ट्या सांगतील.

ज्वारीची भाकरी ‘शुगरला चालते’ म्हणून तीन-तीन खाणारे पाहिलेत. पोळीपेक्षा बरी असेल, पण ज्वारीतही पिष्ट भरपूर. नाचणीची पातळ पेज तर साखर चांगलीच चढवते. नाश्त्याला नुसते पोहे किंवा उपमा खाल्ले तर अकराला जांभया. त्याच पोह्यांत मटार-दाणे वाढवून, पोहे निम्मे करून, सोबत उकडलेलं अंडं किंवा मोड आलेले मूग घेतले तर फरक आठवड्यात कळतो. मुगाचं धिरडं, थालीपीठ-दही हेही चांगलं.

चहा. एका कपात दोन चमचे साखर आणि दिवसाला पाच कप म्हणजे दहा चमचे. साखर एकदम तोडता येत नसेल तर दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करा. आणि संध्याकाळी पाचनंतर चहा-कॉफी नको, कारण झोप मोडली की दुसऱ्या दिवशीची भूकही बिघडते आणि शुगरही.

पाचवी पायरी: थकलेल्या अंगाने हलायचं कसं

‘उभं राहवत नाही आणि चालायला सांगता?’ हा प्रश्न रास्त आहे. म्हणून पहाटेच्या पाच किलोमीटरचा संकल्प सोडा. न्यूझीलंडमध्ये टाइप २ मधुमेह असलेल्या लोकांवर एक अभ्यास झाला, २०१६ साली प्रसिद्ध झाला. दिवसातून कधीही एकदा अर्धा तास चालण्यापेक्षा प्रत्येक मुख्य जेवणानंतर दहा-दहा मिनिटं चालल्याने जेवणानंतरची साखर सरासरी १२ टक्क्यांनी कमी राहिली आणि रात्रीच्या जेवणानंतर २२ टक्क्यांनी. आपली शतपावली, जरा लांबवून. स्नायू हलत असताना इन्सुलिनची फारशी वाट न पाहता साखर ओढून घेतात, म्हणून ही दहा मिनिटं इतकी फळतात. सोसायटीच्या आवारात, गच्चीवर, ऑफिसच्या जिन्याशी, कुठेही.

पहिल्या आठवड्यात एकाच जेवणानंतर चाला, रात्रीच्या. दुसऱ्या आठवड्यात दुपार जोडा. तिसऱ्यापासून आठवड्यातून दोन दिवस स्नायूंचं काम: खुर्चीवरून हात न टेकता दहा वेळा उठणं-बसणं, भिंतीला हात टेकून दंड, पाण्याच्या भरलेल्या बाटल्या उचलणं. साखर साठवायची शरीरातली मोठी जागा म्हणजे स्नायू. चाळिशीनंतर ते घटतात आणि नुसत्या चालण्याने भरून येत नाहीत. बैठं काम असेल तर अर्ध्या तासाने उठायचं, पाण्याची बाटली मुद्दाम लहान ठेवायची म्हणजे भरायला जावं लागतं. पायाला मुंग्या किंवा बधिरपणा असेल तर अनवाणी चालू नका आणि रोज रात्री तळवे बघा.

व्यायामानंतर दुसऱ्या दिवशीही अंग आंबलेलं राहत असेल तर तो जास्त झाला. थोडा कमी करून पुन्हा चढवा. पंधरा दिवस बंद करू नका.

वामकुक्षी घ्यायला हरकत नाही, पण गजर लावून वीस मिनिटं, तीनच्या आत आणि दहा मिनिटं चालून झाल्यावर. जेवून थेट आडवं व्हायचं नाही.

डोकं चालत नाही त्या दिवसांत कामं कशी निभवायची

वहीवरून तुमचे दोन चांगले तास कळतील, बहुतेकांचे सकाळचे असतात. हिशोब, महत्त्वाचे फोन, सह्या त्या वेळात. जड वाटतं त्या वेळात फायली लावणं, भाजी निवडणं असली कामं. एका वेळी एकच काम आणि ते करताना मोबाइल दुसऱ्या खोलीत. गोळ्यांसाठी आठवड्याचा डबा आणा. ‘घेतली की नाही’ या शंकेपोटी दोनदा घेतलेली गोळीच कधीकधी लोचं कारण ठरते.

लो झाल्यावर आकडा सुधारतो, पण डोकं लगेच सुधारत नाही. ब्रिटनमध्ये वाहनचालकांना शुगर पूर्ववत झाल्यानंतरही ४५ मिनिटं गाडी न चालवण्याची सूचना आहे. आपणही स्कूटरच्या किल्लीला हात लावण्याआधी तेवढं थांबावं. मुलांच्या फीचे पैसे, जमिनीचे कागद, बॉसला उलट उत्तर, यांतलं काहीही त्या पाऊण तासात नको.

विसरणं शुगरबरोबर वरखाली होत असेल तर काळजी कमी. आकडे चांगले असूनही महिन्यागणिक वाढत असेल, नेहमीचा रस्ता चुकत असेल, पैशाचे व्यवहार जमेनासे झाले असतील, तर मेंदूच्या डॉक्टरांना दाखवा.

मनाचा भाग

निदान झाल्यावर पहिल्या काही महिन्यांत पुष्कळ जण आतून खचतात. वडिलांचा पाय गेलेला पाहिलेला असतो, लग्नकार्यात ‘तुम्हाला गोड चालणार नाही ना?’ हे पंगतीसमोर ऐकावं लागतं, प्रत्येक घास मोजायचा कंटाळा येतो. हा शीण कुठल्याच लॅबमध्ये मोजला जात नाही. दोन आठवड्यांहून जास्त काळ कशातच रस नसेल, सकाळी उठावंसं वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर ते नैराश्य असू शकतं आणि मधुमेह्यांत ते इतरांपेक्षा जास्त आढळतं. फॅमिली डॉक्टरांना तसं सांगा. केंद्र सरकारची टेली-मानस सेवा १४४१६ या क्रमांकावर आहे, मोफत, मराठीतही बोलता येतं.

घरच्यांसाठी एकच विनंती. ‘बाबा, परत झोपलात?’ याऐवजी ‘बाबा, शुगर बघू या का?’ असं म्हणा. आणि एकट्याला फुलके-दुधी वाढून बाकीच्यांनी बटाटेवडे खायचे नाहीत. तेच जेवण सगळ्यांना.

पुढच्या भेटीत डॉक्टरांसमोर

ओपीडीत तुमच्या वाट्याला पाच-सात मिनिटं येतात. वही उघडी ठेवा आणि पहिल्याच वाक्यात सांगा: ‘मला जेवणानंतर दोन तासांनी थकवा येतो, तेव्हा शुगर २४० असते,’ किंवा ‘साडेबाराला थरथरतं, दोनदा ७० च्या खाली सापडली.’ सगळ्या गोळ्यांची पाकिटं पिशवीत घालून न्या, होमिओपॅथी आणि आयुर्वेदाचीही. मग तीन प्रश्न: माझ्या गोळ्यांत लो करणारी कुठली आहे? बी१२, थायरॉइड, हिमोग्लोबिन यांतलं काय झालेलं नाही? जेवणाची वेळ चुकली तर गोळीचं काय करायचं?

काय केव्हा सुधारतं, याचाही अंदाज असू द्या. साखर १८० च्या खाली राहू लागली की रात्रीचं उठणं आणि तहान थोड्याच दिवसांत कमी होते. नजर काही आठवड्यांत बसते. एचबीए१सी मागच्या दोन-तीन महिन्यांचा हिशोब असल्याने तो तीन महिन्यांच्या आत पुन्हा करण्यात फारसा अर्थ नाही. पायांत जोर यायलाही दोन-तीन महिने लागतात. तीन महिन्यांनी आकडे सुधारलेले आणि थकवा मात्र जिथल्या तिथे असेल, तर ‘शुगर आहे म्हणजे एवढं चालायचंच’ हे ऐकून परत येऊ नका. झोपेची तपासणी, बी१२ आणि मनाची विचारपूस यांतलं जे राहिलं असेल ते त्याच भेटीत लिहून घ्या.